आधी दुसऱ्याचं पुरं करा

किश्शांचं एक आहे. शोधायला गेलं की सापडत नाहीत आणि नको तिथं ढिगानं गोळा होतात. छत्तीस वर्षं हायस्कुलात भूमिती शिकवून माझ्याकडे जेमतेम चार किस्से जमले होते. तेही पोरांनी माझ्यावरच रचलेले! मग यंदा मे महिन्यात नागपूरला आठ दिवस गेलो, त्यातले सहा दिवस चामड्याच्या वस्तू शिवायच्या क्लासला बसलो आणि कोल्हापूरला परत आल्यापासून आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपात मला कोणी दुसरं बोलूच देत नाही. "सर, ते डॉक्टरचं सांगा! सर, ते चपलेचं!"

तेव्हा एकदाचं सगळंच सांगून टाकतो. त्यातलं मला काय कळलं म्हणाल, तर अजून नीटसं काही नाही.

नागपूरला का गेलो, ते आधी. आमची मुलगी मृणाल तिथं कोराडीच्या वीजकेंद्रात इंजिनियर आहे. एका वर्षासाठी म्हणून गेली होती. परत आल्यावर इथल्या कॉलेजात शिकवायचं, असं मी ठरवलं होतं. मी ठरवलं होतं, तिनं नाही, हे पुढं कळलं. दिवाळीच्या आधी एका रविवारी कॉलेजचा फॉर्म आलाय म्हणून मी फोन केला, तर म्हणाली, "बाबा, मी इथंच कायम होतेय."

मी भडकलो. तिच्या मागून कसलीतरी ठोकठोक ऐकू येत होती, त्याचाही राग आला. "ती ठोकठोक बंद कर आधी! तिकडंच राहायचंय ना? राहा! आणि मला फोन करू नकोस!"

मुलगी आज्ञाधारक. सात महिने तिनं मला फोन केला नाही. आईला रोज करायची. मी त्याच खोलीत पेपर वाचत बसायचो, उलटा धरून. फोन मीही केला नाही. शेवटी बायकोनं, म्हणजे अलकानं, तिकीट हातात ठेवलं. "जा, आणि बोललेलं परत घेऊन या."

जसं काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची होती!

* * *

पहिले दोन दिवस मृणाल माझ्याशी दिवसाला तीन वाक्यं बोलली. "कूलरमध्ये पाणी घाला. डबा टेबलावर आहे. बाराच्या पुढं बाहेर पडू नका." हे प्रेम की सूचनाफलक, मला पत्ता लागेना.

दुसऱ्या संध्याकाळी माझा चष्मा हरवला. हे नवं नाही, तो रोजच हरवतो. उशा झाल्या, बाथरूम झालं, चपलांचा स्टँड झाला. मृणाल कामावरून आली, सरळ फ्रिजपाशी गेली, दह्याच्या पातेल्यामागून चष्मा काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. गारेगार!

मी आभाराचं काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "उद्यापासून तुम्हाला क्लास लावलाय. चामड्याच्या कामाचा. सीताबर्डीला. ओळखीचे आहेत."

"मला? का?"

"दिवसभर घरात बसून काय करणार?"

पोरगी माझी काळजी करतेय की मला घराबाहेर काढतेय? रात्रभर विचार केला. सकाळी मेट्रोत बसलो.

* * *

सीताबर्डीच्या एका गल्लीत कापडाच्या दुकानावर माडी. जिन्यातच चामड्याचा आणि मेणाचा वास. वर सुखदेवकाका बसलेले, क्लास त्यांचा. वय सत्तरच्या पुढं, हात मात्र पंचविशीतल्या माणसाचे.

"कुठचे जी तुम्ही?"

"कोल्हापूर."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"कोल्हापूरचे? अन् पायात रबर?"

त्या दिवसापासून माझी शोभा. मी भूमितीचा मास्तर आहे, चपलेशी माझा संबंध फक्त घालण्यापुरता, हे कोणी ऐकेना. तिसऱ्या दिवशी खालचे कापडवाले शेठ तुटक्या अंगठ्याची चप्पल घेऊन वर आले. "कोल्हापूरवाले सर कोणते? जरा पाहून द्या ना जी!"

"अहो, मला येत नाही."

"लाजू नका सर!"

काका गालात हसत चामडं कापत बसले. सोडवायला येतील तर शपथ! शेवटी मी शर्टाला लावलेली सेफ्टी पिन काढून अंगठ्याला टोचली. शेठनी चप्पल घातली, चार पावलं चालून पाहिली आणि मान डोलावली.

"पाह्यलं? याले म्हणतात अस्सल!"

* * *

पण खरा गोंधळ पहिल्याच दिवशी झाला होता. मी वही, पट्टी, कर्कटक घेऊन तयारीनं बसलो. काय शिवायचं त्याची आकृतीही काढून नेली होती, मापांसकट. काकांनी आकृती बाजूला ठेवली आणि एका पेटाऱ्यातून चामड्याचा एक अर्धवट शिवलेला तुकडा काढून माझ्या पुढ्यात टाकला.

"हे पुरं करा."

"पण हे माझं नाही."

"नाहीच. इथं पहिल्या दिवशी कोणी आपलं सुरू करत नाही. आधी दुसऱ्याचं पुरं कराचं."

"का पण?"

"सारे पाव्हणेच येतात ना जी इथं. दोन दिवस शिवतात, गाडीचा टाइम होते, अर्धं टाकून जातात. ते पुरं कोण करंल? मी केलं तं ते माहं होऊन जाईल. म्हणून मागच्याचं पुढच्यानं कराचं. आतमध्ये चिठ्ठी आहे, कोणासाठी बनवलं अन् कुठं पाठवाचं त्याची. ते मी पोस्टात टाकतानाच उघडतो. तुम्ही पाहाची नाही."

म्हणजे कोणी तिसऱ्यानं कोणा चौथ्यासाठी सुरू केलेलं मी पुरं करायचं! छत्तीस वर्षं दुसऱ्याचं गणित उतरवू नका म्हणून ओरडलो, आणि आता हे!

बरं, ती वस्तू काय आहे तेही कळेना. वीतभर लांब, दोन बोटं रुंद खिसा. वरून झाकण. झाकणाला एक पट्टी, पट्टीच्या टोकाला फास. पेनाचं घर? चाकूचं म्यान? कोणी म्हणालं बासरीची पिशवी. काका म्हणाले, "ज्याचं आहे त्याले समजंल."

आणि टाके! एकूण अकरा टाके घातलेले, त्यातला एक सरळ असेल तर शपथ. रेघ डावीकडून निघाली ती वर वर चढत गेलेली. माझ्यातला मास्तर जागा झाला. "याला रेघ मारायला शिकवलं कुणी?"

"ज्यानं शिकवलं त्याले विचारा," काका म्हणाले.

"हे सगळं उसवतो आणि नीट घालतो."

काकांनी माझा हात धरला. "उसवाचं नाही! चामड्यातलं भोक बुजत नाही, सर. कापड थोडीच आहे? टोचलं तं टोचलं. उसवलं तं नुसते भोकं दिसतात अन् मजबुती जाते. जिथं थांबलं तिथून पुढं चाला."

मला एकदम दिवाळीच्या आधीचा तो रविवार आठवला आणि मी सुईत दोरा ओवायला घेतला.

थोड्या वेळानं विचारलं, "अकराव्या टाक्यावरच का सोडलं?"

"मधातच फोन आला जी. अर्ध्यातून उठून गेलं ते माणूस. परत आलंच नाही."

* * *

डॉक्टरांचा किस्सा. माझ्या शेजारी गोव्याचे एक सर्जन बसायचे. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला आलेले, दुपारी मोकळे. पहिल्या दिवशी काका आम्हाला दोन सुयांचा टाका शिकवत होते. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून, एक इकडून आणि एक तिकडून. एका बिंदूतून वाटेल तितक्या रेषा जातात हे मी आयुष्यभर शिकवलं. दोनच न्यायच्या होत्या, तर बोटातून रक्त काढलं. डॉक्टर मात्र खुशीत. "हे तर माझं रोजचं काम!"

दहा मिनिटांत त्यांनी सरावाच्या तुकड्यांचं पाकीट शिवून काकांच्या हातात दिलं. टाके काय सुंदर! मी काढलेली रेघही इतकी सरळ नसते. काकांनी दोन्ही बाजू धरून एकदा ओढलं. टर्रर्र! पाकीट उघडलं.

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा. "पण माझा एकही टाका आजपर्यंत सुटला नाही!"

काका शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचा टाका आठ दिवसांनी काढाचा असते. माहा टाका काढाचा नसते."

सर्जनसाहेब पुढचे चार दिवस एकच ओळ शिवत होते.

* * *

चौथ्या दिवशी क्लासमध्ये असताना माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. काय करतोस म्हणाली. मी "इथं जरा हस्तकला शिकतोय" म्हणालो. कसली? "भरतकामासारखंच," म्हणालो, आणि फोन ठेवला.

काका मेण लावत होते. वर न पाहता म्हणाले, "भरतकाम काहून म्हणलं?"

काय सांगणार? चामडं म्हटलं असतं तर ताई म्हणाली असती, "शी, आपल्यात कोणी केलंय का असलं?" आणि तेवढं टाळायला मी खोटं बोललो, ते काम शिकवणाऱ्याच्या समोर बसून! मला लाज वाटली. तसं काकांना सांगितलं.

"माह्या बापानं माह्या हातातून चामडं टोचाची आरी काढून घेतली होती," काका म्हणाले. "पुस्तक देल्लं हातात. म्हणे, हे काम तुले करू देणार नाही, लोक पाण्याच्या माठाले हात लावू देत नाहीत. मी शिकलो, नोकरी केली, क्लार्कचा साहेब होऊन रिटायर झालो. मग म्हणलं, बाबा, तुमचं ऐकलं. आता आरी आपल्या मर्जीनं घेतो."

"वडील असते तर काय म्हणाले असते?"

"भडकले असते!" काका हसले. "पण मग मागून येऊन पाह्यलं असतं, टाका बरोबर आहे का नाही."

मी ताईला परत फोन लावला आणि सांगितलं, "चामडं शिवतोय." ती काय म्हणाली ते जाऊ द्या.

* * *

सहाव्या दिवशी ती वस्तू पुरी झाली. अकराच्या पुढं माझे चाळीस टाके. पट्टी लावून मोजलेले, तरी वाकडे. त्यातले बारा बिनचष्म्याचे, कारण चष्मा डोक्यावर होता आणि मी पिशवीत शोधत होतो. काकांनी वस्तू घेतली, ओढून पाहिली. टिकली! मग पेटाऱ्यात टाकली. माझं स्वतःचं, किल्ल्यांचं पाकीट, चार टाक्यांवर राहिलं. आत चिठ्ठी घातली मृणालच्या नावाची. पुढचा कोणी पाहुणा करेल पुरं.

स्टेशनवर मृणाल सोडायला आली होती. सात महिने साचलेलं वाक्य मी सहा दिवस घोकत होतो. गाडी हलली, ती खिडकीबरोबर चालू लागली, मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "कूलरमध्ये पाणी घाल हं!"

"घालते," ती म्हणाली.

घरी आल्यावर अलकानं विचारलं, "परत घेतलंत?" मी अंघोळीला गेलो.

पाचव्या दिवशी पार्सल आलं. नागपूरचं. मला वाटलं, काकांनी संत्रा बर्फी पाठवली असेल. फोडलं, तर आत तीच वस्तू! लांबट खिसा, झाकण, पट्टी, फास. म्हटलं, काकांचा पत्ता चुकला. माझंच शिवलेलं मलाच पाठवलं! तेवढ्यात आतून चिठ्ठी पडली. चष्मा सापडेना, म्हणून अलकानं वाचली. वर आमचा कोल्हापूरचा पत्ता, आणि खाली मृणालच्या चढत्या अक्षरात दोन ओळी:

"बाबा, चष्म्यासाठी आहे. फास शर्टाच्या बटणात अडकवा. फ्रिजमध्ये ठेवू नका."

अलका उठली, फ्रिजमधून माझा चष्मा घेऊन आली. तो त्या खिशात बरोबर बसला.

मी पुन्हा तो काढून डोळ्यांवर लावला, समोरचा अलकाचा फोन घेतला आणि नंबर शोधला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"हं, आई, बोल."

"पहिले अकरा टाके फार वाकडे आहेत," मी म्हणालो.



"आणि पुढचे?"

"पुढचे त्याहून वाकडे."

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"फोन तुम्ही लावलात?" ती म्हणाली. "आई कुठं गेलीय?"

"आई इथंच बसलीय," मी म्हणालो. "समोर."