अप्पांचे चार नमुने

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि परीक्षा आल्या की मला हटकून कॉपीसाठी बदनाम असलेल्या वर्गावर पाठवतात. कुणाच्या बाहीत काय दडलंय ते हिला दारातूनच कळतं, असा माझा लौकिक आहे. ही नजर घरी आल्यावर चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही. भाजीवालीनं मेथीची जुडी स्वस्त दिली तरी मी ती उलटून बघते.

अप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, तर मी लहानपणापासून संशय घेत आले. ते कृषी विद्यापीठात मातीचे शास्त्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावर शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या शेतात चार खोल्या बांधून अव्वाबरोबर, म्हणजे माझ्या आईबरोबर, राहायला गेले. लिंगपूजा झाल्याशिवाय त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतला नाही. दौऱ्यावर असले तर जीपच्या मागच्या सीटवर बसून पूजा करायचे. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्यावर नजर लावून अर्धा तास बसायचं. आणि हाच माणूस नंतर ऑफिसात जाऊन सहकाऱ्याचा अहवाल 'पुरावा कुठंय?' म्हणून परत करायचा. या दोन्हींतलं एक नक्की सोंग आहे, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. एकदा मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "दिवसभर तपासायचंच काम हाय बाई. तेवढा अर्धा तास मी कायच तपासत न्हाई." मला ती टाळाटाळ वाटली.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शेतावर गेले, तर हरभरा निघून मोकळ्या झालेल्या रानात खुंट्या ठोकलेल्या. एक इथं, एक बांधाला, एक विहिरीच्या अंगाला, एक पार वर माळाच्या बाजूला. दादा टेपचं एक टोक धरून उन्हात उभा. दादा माझा मोठा भाऊ. त्याचं लातूरला ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, आणि उन्हाळ्यात ते सोडून तो कधी हलत नाही. त्या दिवशी मात्र आला होता. अप्पांनी एक गडी लावून प्रत्येक खुंटीपाशी पुरुषभर खोल खड्डा घेतला आणि तळाची माती काढली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"मातीचं बघून राहिलो," अप्पा म्हणाले.

दादाला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, "अप्पांचं काम हाय. मला धर म्हणाले, मी धरलं."

मी चहा करायला आत गेले आणि दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही. सोयाबीन घ्यायला वीतभर मातीची तपासणी पुरते. पुरुषभर खोल माती कुणी कशाला काढेल? माझ्या हिशेबानं एकच उत्तर होतं: वाटणी. चार खुंट्या, चार तुकडे. काळी कसदार जमीन दादाला आणि माळाकडचा मुरूम लेकीला. विचारलं तर कागद पुढं करतील, बघ, शास्त्रीय तपासणी करूनच वाटलंय. मला जमीन हवी होती का? हवी होती. लेकींना माहेरच्या जमिनीची गरज नसते असं मी चारचौघांत म्हणत आले, पण ते खोटं आहे.

मातीचे नमुने सावलीत वाळवावे लागतात. अप्पांनी ओसरीवर वर्तमानपत्रं पसरून चार ढीग घातले, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर खडा ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा ते ढीग पिशव्यांत भरून लातूरच्या प्रयोगशाळेत देणार होता.

त्या सकाळी अप्पा पूजेला बसले होते. ओसरीतूनच दिसत होते. दादा गाडी पुसत होता, अव्वा आत भाकरी थापत होती. मी दोन आणि तीन नंबरच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. एक ढीग माळाकडचा, एक विहिरीकडचा; कागदावर माळाची माती विहिरीकडची ठरली की वाटणीचा हिशेबच चुकणार होता. तळाची माती असल्यानं दोन्ही मला सारखेच पिवळसर दिसत होते. तळहातावरच्या लिंगावरून अप्पांची नजर हलत नाही हे मी चाळीस वर्षं बघत आले होते. ज्या भक्तीला मी सोंग म्हणायची, तिच्या भरवशावर मी हे केलं. खडे पुन्हा जागच्या जागी ठेवले आणि हात धुऊन बेलाची पानं खुडायला गेले.

पिशव्या दादानं भरल्या, दादानंच नेल्या.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा घरातली हवा बदलली होती. पूजा झाली की अप्पा प्रत्येकाच्या कपाळाला स्वतःच्या बोटांनी भस्म लावायचे. नातवंडांना, गड्याला, दूधवाल्यालासुद्धा. त्या दिवशी त्यांनी मला लावलं आणि दादापुढं नुसती वाटी सरकवली. दादानं त्यांच्याकडं बघितलं, मग स्वतःच बोटं बुडवली. ते त्याच्याशी बोलत होते, पण कामापुरतं. मोटार दुरुस्त झाली का, अव्वाच्या गोळ्या आणल्या का. मी मनात म्हटलं, बरं झालं, यांचं काहीतरी फिसकटलं. मला आनंद झाला होता. आता ते लिहितानाही लाज वाटते.

श्रावणाच्या आधी अप्पा एकटेच बसनं नांदेडला आले. हातात कापडी पिशवी. वकिलाकडं आले असणार, असं मी धरून चालले. ते अंघोळीला गेल्यावर मी पिशवीत हात घातला. आत मातीच्या चार पुरचुंड्या होत्या, तोंडं दोऱ्यानं शिवलेली, नंबर कापडावरच शाईनं घातलेले. मी घाईघाईनं पिशवी बंद केली. जेवण झाल्यावर त्यांनी तीच पिशवी माझ्या हातात दिली.

"इथल्या प्रयोगशाळेत दे. रिपोर्ट मला टाक."

"लातूरला दिल्या होत्या ना?"

"त्यात गडबड झाली." मग म्हणाले, "तू नीट पोचवशील."

मी नीट पोचवल्या. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. पारडं आता माझ्याकडं झुकलंय, ते कशाला हलवा, एवढाच माझा विचार. रिपोर्ट मी उघडून वाचला. त्यात चुना, क्षार, पाण्याचा निचरा असलं होतं, वाटणीचा पत्ता नव्हता. तरीही मी संशय सोडला नाही.

माघात एका सकाळी पूजा आटोपून अप्पा उठायला गेले आणि तिथंच भिंतीला टेकले. मी नांदेडहून पोचले तेव्हा त्यांना भस्म लावून बसतं केलेलं होतं. आमच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत. बसवून माती देतात, हातात त्याचं इष्टलिंग देऊन, शक्यतो स्वतःच्याच रानात. विधी करायला आलेल्या जंगमस्वामींनी विचारलं, "जागा कोणती?" कुणालाच माहीत नव्हती. तेव्हा अव्वा म्हणाली, "त्यांच्या वहीत बघा. काहीतरी लिहून राहिले होते. मला दावत न्हवते." तिच्यापुढं मरणाचा विषय काढला की ती दोन दोन दिवस जेवत नसे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

वही दादानं उघडली. रानाचा नकाशा होता, त्यावर चार खुंट्या, आणि माळाकडच्या खुंटीपाशी लिहिलेलं 'माझी जागा'. खाली कारणं, अहवालात लिहावीत तशी. काळ्या मातीत पाणी साचतं. विहिरीच्या अंगाला नको, तिचं पाणी सगळी वस्ती पिते. मुरमात निचरा चांगला. दादा मोठ्यानं वाचत होता. पान उलटल्यावर त्याचा आवाज बारीक झाला, पण तो थांबला नाही.

'लातूरचा अहवाल चुकीचा. नमुने दोन व तीन बदललेले आहेत, हाताला कळते. मुलाने भरताना मुद्दाम बदलले असावेत. जागेचे त्याला समजले असेल, रानात समाधी नको असेल. त्याला विचारणार नाही. विचारले तर त्याला खोटे बोलावे लागेल.'

दादानं वही मिटली. माझ्याकडं, अव्वाकडं, स्वामींकडं बघितलं. "मी कशाला बदलू?" एवढंच म्हणाला. अप्पा दारात बसवलेले होते आणि मी पदर सावरत उभी राहिले. मग गडी कुदळी घेऊन माळाकडं गेले.

मी चौथ्या दिवशी सांगितलं. समाधीवर पाणी घालून आम्ही दोघं परतत होतो. दादा, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या, मला वाटलं तू आणि अप्पा वाटणी करताय. एका दमात बोलून टाकलं. तो ओरडेल याची मी तयारी ठेवली होती. तो बांधावर बसला.

"आठ महिने," तो म्हणाला. "आठ महिने मी आठवून राहिलो, माझं काय चुकलं. दुकानात, गाडी चालवताना. एकदा वाटलं, अव्वाच्या गोळ्या आणायला उशीर केला म्हणून असंल. तेव्हापासून मी गोळ्या दोन दिवस आधीच आणत होतो."

मी त्याच्या शेजारी बसले. चूक कबूल करते, अव्वाला सांगते, स्वामींना सांगते, तू म्हणशील त्याला सांगते, असं बरंच बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"हाव, सांग," तो म्हणाला. "पण अप्पांना कोण सांगणार आता?"

त्यानं हे रागानं विचारलं असतं तर मला सोसलं असतं. पण तो खरंच उत्तराची वाट बघत होता.