सत्तारचाचांची ऐंशी

“मोज,” म्हणत सत्तारचाचांनी लाऊडस्पीकरचं लोहचुंबक स्वतःच्या छातीवर ठेवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शारजातल्या एका क्लिनिकात ईसीजी टेक्निशियन. चाचा रत्नागिरीचे, इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. छातीत पेसमेकर. म्हणजे हृदयाला ठोका देणारी डबी, आत बॅटरी. वर लोहचुंबक धरलं की डबी ठरावीक गतीने ठोके देते. चाचांच्या मॉडेलमध्ये बॅटरी नवी असताना मिनिटाला पंच्याऐंशी. बॅटरी उतरते तसा आकडाही उतरतो. पंचाहत्तरच्या आत आला की डबी बदलायची.

हे त्यांना मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चुंबक मात्र भंगार पिकअपमधलं.

“चाचा, ही काय ट्रकची बॅटरी आहे?”

“ट्रकची असती तर मालकाने कधीच बदलली असती.”

इन्शुरन्स नव्हता. गॅरेजात कुणालाच नव्हता. मुलगा मुंबईत सरकारी नोकरीत. आईवडिलांच्या उपचारांचा खर्च सरकार देतं, पण बाप कमावता नसेल तरच. इथे चाचांची पाच वर्षं भरायला आठ महिने बाकी. त्याआधी राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटीचा तिसरा हिस्सा गेला. थोडक्यात, ऑपरेशन हवं तर आधी बेकार व्हा!

मी कॉलेजपासून पत्रकं लिहीत आलेली. तसंच एक डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं: ‘हृदयाचे ठोके विकणं बंद करा!!!’ मागणी एकच, चाचांची तपासणी फुकट.

“तीन उद्गारचिन्हं कशाला? एकात भागतं,” आमचे पुणेकर डॉक्टर म्हणाले. मग खणातून तपासणीचं खरं चुंबक काढलं. “हे दे त्यांना. दर शनिवारी मोजून तुला फोन करू देत. पंचाहत्तर झाले की लगेच इथे. फी नाही.”

फोन येऊ लागले.

“चौऱ्याऐंशी. बस, खलास.”

“ब्याऐंशी. जेवलीस का बेटा?”

“ऐंशी.”

पुढच्या शनिवारी ऐंशी. त्यापुढच्या शनिवारी ऐंशी. सलग सात शनिवार ऐंशी.

उतरणीला लागलेला आकडा असा मध्येच मुक्काम ठोकत नाही. लंच टाइमला टॅक्सी करून मी गॅरेज गाठलं. चाचा बॉनेटखाली वाकलेले. मी त्यांचं मनगट धरलं, चुंबक छातीवर ठेवायला लावलं, आणि घड्याळ लावून मोजलं.

बाहत्तर.

“खोटं बोललात!”

“तीनच महिने राहिलेत गं. काढले असते.”

भाषण ओठांवर आलं होतं. पण ग्रीसने काळा झालेला तो हात थंड लागला, आणि चाचांनी तो सोडवूनही घेतला नाही. मी समोरच्या गाडीकडे बोट दाखवलं.

“हिची बॅटरी अशी असती, आणि गिऱ्हाईक म्हणालं असतं, चालेल, डोंगरापलीकडे खोर फक्कानपर्यंत जाऊन येतो. तर?”

“चावी दिली नसती.”

बोलले आणि स्वतःच हसले. “यल्ला, चल, कागद आण.”

राजीनामा मीच लिहिला. उद्गारचिन्ह एकही नाही.

डबी मुंबईत बदलली, मुलाच्या नोकरीवर. ग्रॅच्युइटीचा तिसरा हिस्सा बुडाला तो बुडालाच. त्याचा राग मला अजून येतो. महिन्याभराने चाचांचं पत्र आलं: ‘पंच्याऐंशी. विश्वास नसेल तर येऊन मोज.’

तेव्हापासून पेशंट आपला आकडा सांगू लागला की मी मान डोलावते, आणि मनगट धरते.