चेप म्हणजे मासा

धर्माबादच्या स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबायची. आईनं खिडकीतून शिदोरीची पिशवी आत सरकवली आणि विचारलं, "तिन्नवा, बिड्डा?" जेवलास का, बाळा. तासाभरापूर्वी तिनंच मला जेवायला वाढलं होतं. तरी विचारलं. दुसरं काही सुचलं नसावं तिला. माझ्या शेजारी डी.एड.चा वर्गमित्र बसला होता. त्याचीही नेमणूक ठाणे जिल्ह्यातच झाली होती. त्याच्यादेखत मी आईला मराठीत उत्तर दिलं, "हो, जेवलो. तू जा आता घरी." आईला मराठी समजायची, पण तोवर मी तिच्याशी त्या भाषेत कधी बोललो नव्हतो. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गाडी हलली.

हे साल दोन हजार चारचं. तुम्ही गावाकडची माणसं मला "भिवंडीचे गुरुजी" म्हणता, सुट्टीत आलो की पोरांना माझ्या पाया पडायला लावता. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून लांब गेलेत, त्यांनाही हे वाचायला मिळावं असं वाटतं. निघताना आपण काय काय मागे टाकतो ते आपल्याला तेव्हा कळत नाही. मला तर कळलं होतं. मी ते जाणूनबुजून टाकलं होतं.

आपलं गाव आंध्रच्या सीमेला चिकटलेलं. घरात तेलुगू, शाळेत मराठी. माझे वडील, बापू, मिरचीच्या आडतीवर पोती उचलायचे, आणि त्यांचं एकच म्हणणं असायचं, "मराठी नीट बोल. नोकरी मराठीच देईल." डी.एड.ला गेलो तेव्हा मी "माझा वही" म्हणायचो, "ती आला" म्हणायचो. वर्ग हसायचा. एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अशा मराठीवर तुम्ही पोरांना शिकवणार?" त्या दिवसापासून मी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला लागलो, आरशासमोर बोलायला लागलो. दोन वर्षांत माझ्या बोलण्यातून तेलुगू अशी धुऊन निघाली की भिवंडीत कुणी विचारलं तर मी नुसतं "नांदेडचा" एवढंच सांगायचो.

शाळा लूमच्या वस्तीत होती. भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडायचे आणि आम्ही त्या आवाजावर आवाज चढवून शिकवायचो. पहिल्या दोन आठवड्यांत माझा घसा बसला. पहिलीच्या वर्गात चाळीस मुलं होती. काही आसपासच्या गावांतली, काही उत्तरेकडून आलेल्या कामगारांची, आणि बारा-तेरा तेलंगणातून आलेल्या विणकरांची. ही बारा-तेरा मुलं आपसात बोलायला लागली की मला आपली गल्ली ऐकू यायची. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो.

त्यांच्यात लावण्या होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, सहा वर्षांची. ती वर्गात एक शब्द बोलायची नाही. पाटी मात्र रोज पुसून चकचकीत करून आणायची.

दिवाळीनंतर शाळेत खोकी आली. कशेळीला गोदामं असलेल्या एका शेठनी त्यांच्या आईच्या नावानं दिली होती. त्यात अक्षरांची चित्रकार्डं, भिंतीवर लावायचे तक्ते, मोठ्या टायपातली गोष्टींची पुस्तकं, रंगीत खडू, कोऱ्या जाड कार्डांचे गठ्ठे आणि मार्कर पेनं. आमच्या मुख्याध्यापिका पाटीलबाई जवळच्याच शेलार गावच्या. अशा वस्तू कपाटात बंद करून ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मला बोलावून म्हणाल्या, "सर, हे सगलं पोरांच्या हातान द्या. फाटली त फाटली. कपाटाला काय वाचाला शिकवाचं हाय?"

कार्डांनी वर्ग बदलला हे खरं. फळ्यावरचं अक्षर लांब असतं, हातातलं अक्षर आपलं होतं. मुलं कार्डं छातीशी धरून बसायची, एकमेकांना दाखवायची, जोड्या लावायची. ग गाईचा, घ घराचा, म माशाचा. हिंदी बोलणाऱ्या मुलांनाही ते जमलं. त्यांचीही गाय गायच, घरही घरच, आणि मासा नाही तर मछली, म तर आलाच.

लावण्या पहिल्यांदा जागेवरून उठून पुढे आली ती या कार्डांसाठी. मी माशाचं कार्ड तिच्यासमोर धरलं. तिचे डोळे चमकले. "चेप," ती म्हणाली. मग त्याखालच्या म वर बोट ठेवून ठासून म्हणाली, "चे." मी गाईचं कार्ड धरलं. तिनं ग वर बोट ठेवलं, "आ." घरावर "इ".

तेलुगूत मासा म्हणजे चेप, गाय म्हणजे आवु, घर म्हणजे इल्लु. तिनं एकही चूक केली नव्हती. चित्राच्या नावातला पहिला आवाज म्हणजे ते अक्षर, हे आम्ही तिला शिकवलेलं तिनं बरोबर पकडलं होतं, आणि ते तिच्या घरच्या भाषेला लावलं होतं. नंतर मी फळ्यावर नुसता ग काढला तरी ती "आ" म्हणायची, आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. नाही. तिला कळायचं नाही की काय नाही.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. सबंध शाळेत समजणारा मी एकटाच होतो. एक वाक्य तेलुगूत बोललो असतो तर पुरलं असतं. पण शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी तेलुगू पालकांच्या हिंदीची नक्कल करून हसवायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही हसत होतो. मला वाटलं, शिकेल हळूहळू, मीही तर असाच शिकलो. मी तिच्या नावापुढे लिहिलं, "अक्षरओळख नाही."

मार्चमध्ये तिचे वडील, नरसय्या, शिफ्ट संपवून शाळेत आले. केसांत कापसाचे तंतू, हातात टोपी धरल्यासारखा रुमाल. मी त्यांच्याशी हिंदीत बोललो. "इसको कुछ समझता नहीं. घर पे थोड़ा ध्यान दो."

"बिलकुल नहीं समझता, मास्टर?" त्यांनी विचारलं.

"बहुत मुश्किल है," मी म्हणालो.

ते "हाव, मास्टर" म्हणून गेले.

जूनमध्ये तोच वर्ग घेऊन मी दुसरीला गेलो तेव्हा लावण्या आली नाही. आठवडाभर मी हजेरीत तिचं नाव वाचत राहिलो. मग एका दुपारी पत्ता विचारत तिच्या घरी गेलो. एकच खोली. दारात तिची आई लक्ष्मी चरख्यावर सुताची कांडी भरत बसली होती. लावण्या कुठे आहे, मी हिंदीत विचारलं. तिला हिंदी नीट येत नव्हती. ती हातवारे करून सांगत होती, मला अर्धंच कळत होतं, आणि मग माझ्या तोंडून आपोआप तेलुगू निघाली. लावण्या कुठाय, अक्का?

तिचा चरखा थांबला. "मीकु मन भाष वस्तदा?" तुम्हाला आपली भाषा येते?

मी हो म्हणालो.

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. मग तिनं सांगितलं. लावण्याला करीमनगरकडे गावी पाठवलंय, मावशीकडे. मावशीला बाळ झालंय, ते सांभाळायला. मास्टरनीच सांगितलं ना, हिला काही समजत नाही. मग इथं बसवून काय करायचं, असं तिच्या बापाला वाटलं.

"तिथं शाळा आहे?" मी विचारलं.

"आहे. पण शाळेत गेली तर बाळ कोण बघणार?"

मग तिनं मला विचारलं, "तुम्हाला येत होती तर पोरीशी का नाही बोललात?"

तिनं उठून पाण्याचा पेला आणून दिला. मी ते पाणी प्यालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी पाटीलबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी पयलीला 'न्हाय' बोलले म्हनून बाईंनी दिवसभर उभी केलेली. आजून 'नाही' बोलताना जीभ अडते माजी." थोडं थांबून म्हणाल्या, "तुमी तर आमच्यातलंच निघालात. आता जे कराचं ते करा."

कोऱ्या कार्डांचे गठ्ठे तसेच पडून होते. मी मार्कर घेऊन बसलो. वर्गातल्या सगळ्या घरांत एकच नाव असलेल्या वस्तू शोधायला लागलो, आणि त्या सापडल्या भिंतीपलीकडेच. कांडी, ताण्याचं सूत गुंडाळलेला बीम, लूम. मराठी घर असो, हिंदी असो की तेलुगू, कांडीला कांडीच्याच जवळपासचं काहीतरी म्हणतात. क कांडीचा. ब बीमचा. ल लूमचा. बाकीच्या अक्षरांना जुनीच कार्डं ठेवली, पण आधी मी तेलुगूत सांगायचो, ही आपली चेप, हिला मराठीत मासा म्हणतात, आणि हा माशाचा म. पहिल्यांदा वर्गात तेलुगू बोललो तेव्हा ती सगळी मुलं एकदम बोलायला लागली, आणि मला वर्ग आवरेना. नक्कल करणारे सहकारी दारातून बघून गेले. मला घाम फुटला होता, पण मी थांबलो नाही.

दिवाळीपर्यंत त्या मुलांपैकी बहुतेक जण छोटे शब्द वाचायला लागले. पुस्तकांवर तुटून पडायची, दोघं दोघं एका पुस्तकात डोकं घालून बसायची. कशेळीचे शेठ बघायला आले. एका मुलीनं त्यांना पूर्ण पान वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आमच्या वस्तूंचं सोनं केलंत, सर." टाळ्या वाजल्या. पाटीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. त्याच वस्तू आदल्या वर्षीही वर्गात होत्या.

लावण्यासाठी कार्डं पाठवायची असं मी ठरवलं. चित्रं काढून झाली आणि हात थांबला. तिकडे मराठी अक्षरांचा काय उपयोग? तिला तेलुगू अक्षरं हवीत. आणि मला तेलुगू लिहिता येत नाही. आईच्या भाषेतलं एक अक्षर मला येत नव्हतं. कधी शिकलोच नव्हतो, शिकावंसं वाटलंही नव्हतं.

मी ती चित्रं घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. नरसय्या नुकतेच ड्युटीवरून आले होते. ते गावाकडे चौथीपर्यंत शिकलेले. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते हात धुऊन आले, मार्कर घेतलं आणि गाईच्या चित्राखाली गोल, देखणं अक्षर काढलं. मग माशाखाली. मग घराखाली. मी एकेक चित्र पुढे करत होतो, ते लिहीत होते. शेवटचं कार्ड झाल्यावर टोपण लावत म्हणाले, "मला हे घरीच करता आलं असतं, मास्टर. माझ्याही डोक्यात आलं नाही." माझं ओझं हलकं करायला ते असं म्हणाले, हे मला कळत होतं. ओझं हलकं झालं नाही.

कार्डं गावाला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी गेली. पोचली एवढं कळलं. मावशीला दुसरं मूल झालं, मग तिसरं. लावण्या शाळेत गेलीच नाही.

पाचेक वर्षांनी एका उन्हाळ्यात ती आली. अकरा-बारा वर्षांची, अंगानं बारीक, बोटांना विड्या वळून पडलेला पानांचा हिरवट डाग. लक्ष्मीनं निरोप पाठवला म्हणून गेलो. मी तेलुगूत विचारलं, कार्डं मिळाली होती का? ती म्हणाली, मिळाली, बाळांनी निम्मी चावून टाकली. मग म्हणाली, "पण बसची पाटी वाचता येते. आता मी एकटी आले." त्यात तक्रार नव्हती, अभिमानही नव्हता. भिवंडी असं तेलुगूत लिहिलेली बस तिनं तिकडच्या स्टँडवर स्वतः वाचून ओळखली होती. एवढंच तिच्या वाट्याला आलं. उन्हाळा संपल्यावर ती परत गेली. पुढे तिथंच तिचं लग्न झालं.

तुम्ही दर वेळी विचारता, नोकरी झाली की गावी येणार ना? जागा आहे, बापूंनी बांधलेल्या दोन खोल्या आहेत. गेलो की चार दिवस बरं वाटतं. पण तिथं सगळे मला चांगला मास्तर समजतात, आणि पाचव्या दिवशी मला तिथं बसवत नाही.

भिवंडीत एक खोली अशी आहे, जिथं मी काय केलं ते माहीत आहे. उगादीला, म्हणजे पाडव्याला, लक्ष्मीअक्का मला बोलावते. मागाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून आम्ही फारसं बोलतही नाही. तिनं मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही, तिनं सांगितलेलं नाही. ती नरसय्यांच्या शेजारी माझं ताट मांडते, मी मांडी घालून बसतो. घर म्हटलं की आता मला ती जागा आठवते.