मृणालच्या मैत्रिणीसाठी पास

"मॅडम, शनिवारी माझ्या मैत्रिणीला इथे बोलवायचंय. तिच्यासाठी पास द्याल?"

सातवीतली मृणाल माझ्या टेबलासमोर उभी होती. निर्मळ गावची मुलगी, घरची फुलांची वाडी. सायकलवरून यायची. वसईतल्या त्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते. सभासद नसलेल्याला आत बसायचं असेल तर कुणातरी सभासदानं आधी त्याचा पास काढायचा, असा आमचा नियम. मोठी माणसं तो सर्रास टाळायची. ही पोरगी मात्र नियमाला धरून. मी पेन उघडलं.

"नाव?"

"रिया. ठाण्याला राहते."

"ओळख कशी झाली?"

"इथेच. चॅटवर."

मी पेन खाली ठेवलं.

चॅट म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करून मारलेल्या गप्पा. समोरचा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. तो सांगेल ते नाव, तो सांगेल ते वय. वाचनालयात दोन कॉम्प्युटर आणि इंटरनेट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुलांना अर्ध्या तासाचा स्लॉट मिळायचा. मला वाटायचं, पोरं प्रोजेक्ट करताहेत. डोंबलाचं प्रोजेक्ट!

"तिला तुझं काय काय माहितीये गं?"

"सगळं. तिथे फॉर्म होता, मी पूर्ण भरला. तुम्हीच सांगता ना, एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून?"

खरंच होतं ते. सभासदाच्या अर्जात एक रकाना राहिला तरी मी मुलांवर खेकसायची. मृणालनं शाळा, घरचा पत्ता, वाढदिवस, सगळं मन लावून भरलं होतं. चॅटवर येणाऱ्या कुणालाही दिसेल असं.

मी तिला मेसेज उघडायला लावले. शेवटचा असा होता: शनिवारी चारला स्टेशनबाहेर ये. एकटीच ये. घरी सांगू नको. माझा काका पांढरी गाडी घेऊन येईल.

"पण मला स्टेशनवर एकटीला सोडत नाहीत," मृणाल म्हणाली. "म्हणून म्हटलं, तिलाच इथे बोलवू. अजून तिला कळवलं नाहीये."

आमचे कार्यवाह सर तेवढ्यात आले. ऐकून भडकलेच. "ही यंत्रं आधी बंद करा. आणि हिचं नाव यादीतून काढा!"

मृणालचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "सर, हिचं नाव काढलं तर उद्या दुसरी कुणी विचारायला येणारच नाही. सरळ स्टेशनवर जाईल."

सर म्हणाले, "प्रिंट काढा सगळ्याची. मी पोलिसांकडे जातो."

संध्याकाळी मृणालच्या आईला बोलावलं. मला धास्ती, आता ही पोरीला बडवणार. बाईनं सगळं ऐकून घेतलं, पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मला त्या मशीनमधलं काय कळत नाय. पण ही तुमच्याशी बोलली, माझी पोर वाचली."

शनिवारी मृणाल दिवसभर आईजवळ, घरी. चार वाजता सर आणि साध्या वेशातले दोन पोलीस स्टेशनबाहेर थांबले. पांढरी गाडी आली. आत चाळिशीतला एक माणूस, एकटाच. रिया नावाची मुलगी कुठेच नव्हती. रियाच्या नावानं तोच लिहायचा, हे त्यानं चौकीत कबूल केलं.

जबाब घेताना हवालदारांनी मला विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं मॅडम?"

माझ्या कुठलं लक्षात येतंय! चार पावलांवर बसून मी पुस्तकांना नंबर घालत होते. मी एवढी खेकसणारी बाई, तरी ती पोर माझ्याकडेच आली. तिचे उपकार मी अजून मानते.

त्या सोमवारी मी दोन्ही कॉम्प्युटर असे फिरवले की स्क्रीन माझ्या टेबलावरून दिसावेत. आणि मुलांवर ओरडायचं नाही असं ठरवलं. पहिलं काम दहा मिनिटांत झालं. दुसऱ्याला वर्ष लागलं.