तेजस्विनीचा फेब्रुवारीतला फॉर्म

सोजरबाई माझी चुलती. वारज्यात तीस वर्सं तिनं म्हशी राखल्या, घरोघर दूध घातलं. कुणाच्या घरी कुठल्या दिवशी खाडा झाला, हे तिला वहीबिगर ठाऊक असायचं. आता गोठ्याच्या जागी बिल्डिंग उभी हाय, आन ती पाचव्या मजल्यावर लेकाकडं ऱ्हाते.

औंदा मार्चात तिच्या नातीच्या शाळेनं बोलावणं धाडलं. नात तेजस्विनी, दुसरीतली. सून चैताली रडकुंडीला आली व्हती, म्हणून म्हातारी संगं निघाली. मला नेलं वाचायला.

प्रिन्सिपल बाईंनी शेजारी बसलेल्या वर्गाच्या टीचरनं भरलेला फॉर्म पुढं सरकवला. "हिला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलपणाचा आजार, दिसतोय. औषध सुरू केल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा, मगच तिसरीत घेऊ."

मी वाचून दावलं. गेल्या महिन्यात मूल जागेवरून उठतं का? नेहमी. मधेच बोलतं का? नेहमी. अठरापैकी चौदा ठिकाणी नेहमी.

"कंचा म्हैना?" चुलतीनं इचारलं.

"फेब्रुवारी."

"फेब्रुवारीत पोरीला कांजिण्या आल्यात्या. तीन आठवडं घरात पडून. शाळंत आली चार दिस. हजेरी काढा की."

हजेरी निघाली. चारच दिस.

टीचर खाली बघाय लागली. "पन्नास मुलं आहेत, आजी. सगळे फॉर्म एका दिवसात भरायचे होते."

"हात घालून तपासल्याबिगर म्हस गाभण सांगणारा डाक्टर आमी गोठ्यात उभा केला न्हाय."

"भाषा सांभाळा," प्रिन्सिपल म्हणाल्या. "हा मेंदूचा विषय आहे, आपल्याला नाही कळणार."

"मग कळणाऱ्याकडं नेते."

आजार खोटा हाय असं मी म्हणत न्हाय. माझ्या मेव्हण्याच्या ऋषीला तो हाय, आन गोळ्यांनी पोरगं दोन ओळी लिवाय लागलं. पर त्याला महिनाभर तपासलं व्हतं. हितं शाळेला पोरगी गप पाहिजे व्हती, बस्स.

डॉक्टरनं तेजस्विनीला तीन खेपा बोलावलं, घरच्यांना खोदून इचारलं, आन लिहून दिलं: एडीएचडी नाही.

प्रिन्सिपलनं पत्र वाचलं. "ठीक आहे, घेतो तिसरीत."

"आदी त्यो फॉर्म फायलीतनं काढा. पुढल्या मास्तरणीनं वाचला तर?"

"तशी पद्धत नाही आमच्याकडे."

म्हातारीनं तिथंच फरशीवर बैठक मारली. शिपाई दोनदा आला आन तिच्याकडं बघून माघारी गेला. शाळा सुटायच्या वक्ताला प्रिन्सिपलनं फॉर्म फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

चूक झाली असं मातूर कुणी म्हणलं न्हाय.