नाव न पडलेला खडक

मार्सलीच्या जिभेवर अख्खा किनारा होता. कड्याखालची एकेक घळ, पाण्यातला एकेक खडक ती गोठ्यातल्या गाईंची नावं घ्यावीत तशी घ्यायची. म्हणूनच ऊना ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तिच्या चुलीपाशी येऊन बसली होती. ऊना पलीकडच्या बेटावरची, ह्याच गेलिक बोलीत वाढलेली. आता किनाऱ्याकिनाऱ्याने नावं गोळा करत हिंडत होती. मार्सलीने तिला ओटच्या भाकरीवर बोटभर लोणी थापून दिलं.

"हा कुणाचा?" नकाशावर बोट ठेवून ऊनाने विचारलं.

"नीलचा. हेरिंग मासळीचं जाळं ओढताना गेला. त्याच्या पुढचा दोघा भावांचा. आणि हा स्केर लाखलिन, म्हणजे लाखलानचा खडक. माझ्या नवऱ्याचा."

तिचा आवाज जराही हलला नाही. लाखलान गेला तेव्हा ईवर पोटात होता. तेव्हापासून तिने होडीत पाय ठेवला नव्हता. पण पोराला कोण अडवणार? ईवर बापाच्याच वाटेने गेला. रोज त्याच खडकांमध्ये शेवंडीचे पिंजरे टाकायचा, आणि तो परत येईपर्यंत हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"आणि हा मधला?"

"चहा घे आधी."

"मावशी, एवढा एकच राहिलाय."

"त्याला नाव नाही."

"एवढ्या मोठ्या खडकाला?"

"अजून पडलं नाही." मार्सलीने किटली उगाचच इकडची तिकडे केली. "माणूस घेतल्याशिवाय इथं खडकाला नाव पडत नाही, बये. तो वाट बघतोय."

ऊनाच्या बेटावर रीत वेगळी होती. तिकडे जो ज्या खडकापाशी पिंजरे टाकतो, त्याचंच नाव खडकाला देतात. त्याच सवयीने ती बोलून गेली, "तुमचा ईवर टाकतो ना तिथं? मग ईवरचा खडकच म्हणू या की!"

दार सताड उघडं होतं. समोर भरती चढत होती. मार्सलीचा चेहरा राखेसारखा झाला.

"जीभ झडो तुझी! काय बोललीस हे?"

"चुकलं, मावशी. पुसून टाकते मी, हे बघा, लगेच—"

"यंत्रातलं पुसशील. त्या खडकानं ऐकलं त्याचं काय करशील?"

ऊनाला रडू फुटलं. मार्सली मात्र रडली नाही. लाखलानसाठी रडली तेव्हा कुणी त्याला परत आणून दिलं होतं? ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि पाण्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "मार्सलीचा खडक! मार्सलीचा!" मग मागे वळून म्हणाली, "हेच भर त्यात. आणि छापशील तेव्हा हेच छाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी ईवर होडी लोटतो न लोटतो तोच ती आत येऊन बसली.

"आई, डोकं फिरलंय का तुझं? ह्या होडीला शिवत नव्हतीस तू!"

"सरक. जागा कर."

"नैऋत्येचा वारा आहे. भिजशील."

"मिठाची नाहीये मी."

तेव्हापासून ती रोज जाऊ लागली. म्हातारपणी म्हातारीला समुद्राचा पुळका आलाय, म्हणून धक्क्यावरचे बाप्ये हसले. हसू देत. जाताना ती दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसायची. तरी त्या खडकापाशी पोचलं की ती उठून त्याच्या बाजूला जाऊन बसायची, लेकाच्या आणि त्याच्या मधोमध. होडी वळली की तीही सरकायची.

त्या गुरुवारी लाटा उंच होत्या. पिंजरा वर ओढता ओढता ईवर ओरडला, "आई, एका जागी बस! तू तिकडे सरकलीस की होडी कलते!"

पण खडक आता डाव्या हाताला आला होता. मार्सली उठली आणि त्या बाजूला गेली.