टाकीतला डाग

लॉन्ड्रीच्या काउंटरवर तीन डबे मांडून डागकाका त्यांच्यापुढे उभे होते. लग्नाच्या मुलीला एकदम तीन स्थळं सांगून यावीत आणि तिन्ही पसंत पडावीत, तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

डागकाका हे नाव गल्लीने दिलेलं. शाई असो, तेल असो, चहा असो, कापडावरचा कुठलाही डाग ते काढून देत. स्वतःचं खरं नाव ऐकलं की ते मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघत. काउंटरच्या कडेला त्यांची खाऱ्या पाण्याची छोटी टाकी होती. आत दोन नारिंगी मासे, थोडे खडक, कडेच्या खडकावर एक चामड्यासारखं जाड प्रवाळ, आणि मधोमध एक हिरवं प्रवाळ. त्याला बोटांसारखे मऊ मऊ धुमारे होते. पाण्याबरोबर ते डोलायचे आणि ते बघायला काकू रोज सकाळी स्टूल घेऊन बसायच्या. टाकीला आधी सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. "घरात मूल लहान असताना तुम्ही रात्री कधी इतक्या वेळा उठला नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण हे प्रवाळ आलं आणि बाई विरघळल्या. अट मात्र घातलीच. "हे जगलं तर टाकी राहील. हे मेलं तर टाकी विकायची, आणि इथे शिलाई मशीन येईल."

आणि ते प्रवाळ आता मिटलं होतं. धुमारे आत ओढून घेऊन, रुसलेल्या माणसाने चादर डोक्यावरून ओढावी तसं.

म्हणून हे तीन डबे. टाकीच्या दुकानदाराने सांगितलं होतं, पाण्यात विरघळलेली घाण जाळीने गाळून निघत नाही, ती अशा दाण्यांना चिकटवून काढावी लागते. एका डब्यात काळा कोळसा, पाण्यातलं विष शोषणारा. दुसऱ्यात पांढुरके रेझिनचे मणी, साचलेला जुना मळ धरून ठेवणारे. तिसऱ्यात लोहाचे तपकिरी दाणे, शेवाळाला पोसणारं फॉस्फेट ओढून घेणारे.

"हे तर गंजासारखं दिसतंय," काकू म्हणाल्या.

"गंजाचाच भाऊबंद आहे."

"जन्मभर लोकांच्या शर्टावरचा गंज काढलात, आता विकत आणून पाण्यात टाकणार?"

"तिन्ही टाकणार! मूठ मूठ. डाग उरेलच कशाला?" काका बाह्या सरसावत म्हणाले. उत्साहात ते एवढे उंच वाटत होते की वर टांगलेल्या कोटाला डोकं लागेल.

तेवढ्यात एक घाईतला गृहस्थ कोट घेऊन आला. बाहीवर भलामोठा डाग.

"कशाचा आहे?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही हो. तुमच्याकडची दोन-तीन औषधं एकदम मारा ना, काहीतरी लागू पडेल."

डागकाका ताठ झाले. हा त्यांचा प्रांत. "साहेब, सगळी औषधं एकदम मारली तर डाग जाईल, आणि त्याच्याबरोबर बाहीही जाईल. आधी डाग कशाचा ते ओळखायचं. कधी पडला, त्या दिवशी काय काय झालं, ते आठवायचं. मग एकच औषध, तेही थेंबाने."

गृहस्थ "बरं बरं" म्हणत कोट ठेवून गेला. काकू स्टुलावरून नवऱ्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं काकांच्या पाठीला कळत होतं.

"काय?"

"काही नाही. मुठी भरत होतात ना? भरा."

डागकाकांनी हातातला डबा खाली ठेवला. मग कपाळावर हात मारला, आणि मग, काय सांगावं, मघापेक्षा दुप्पट उत्साहाने कामाला लागले! चाचणीच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. निळं झालं तर फॉस्फेट. पाणी होतं तसंच राहिलं. लोहाचा डबा बाजूला! नसलेलं फॉस्फेट ओढायला गेलो तर प्रवाळाचीच उपासमार. इस्त्रीचा पांढराशुभ्र रुमाल टाकीच्या मागे धरला. पिवळी झाक नाही, म्हणजे जुना मळ साचलेला नाही. रेझिनने सध्या विश्रांती घ्यावी.

"आता सांग, डाग कधी पडला? मिटलं कधीपासून हे?"

"दादल्या येऊन गेला तेव्हापासून."

दादल्या म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्यानेही नवी टाकी घेतली होती, आणि "भाऊजी, तेवढा एक तुकडा" म्हणून मागे लागला होता. मग काकांनी कडेच्या खडकावरचं ते चामड्यासारखं जाड प्रवाळ कपड्याच्या कात्रीने कापून त्याला अर्धं दिलं होतं. टाकीतल्या टाकीतच.

"अगं, तेच!" काका ओरडले. दोन्ही मासे खडकामागे पळाले. "कापलं की ते विषारी रस सोडतं! शेजाऱ्याच्या अंगावर थुंकतंय ते! शेजारी तोंड मिटणार नाही तर काय करणार?"

"आणि थुंकीवर औषध कोणतं?"

"कोळसा!"

नाजूक मोजे धुवायची छोटी जाळीची पिशवी काढली. कोळसा मूठभर नाही, दोन चमचेच घेतला. जास्त घातला तर पाणी एकदम इतकं नितळ होतं, की दिव्याचा उजेडच प्रवाळाला भाजतो. नळाखाली काळं पाणी थांबेपर्यंत तो खळखळून धुतला. गल्लीतला सगळ्यात स्वच्छ माणूस कोपरापर्यंत काळा झाला, पण त्याचं त्याला भान नव्हतं. पाणी जोरात वाहतं त्या मागच्या कप्प्यात पिशवी अडकवली आणि दोघं स्टुलावर बसले. एकाच स्टुलावर.

लगेच काही होत नसतं. दुसऱ्या दिवशीही प्रवाळ रुसलेलंच. काकू शिलाई मशीनचं नाव काढत नव्हत्या, ही काकांना सगळ्यात मोठी काळजी वाटली. त्यानंतरच्या सकाळी ते शटर वर करत होते, तोच आतून हाक आली.

"अहो! बोट! एक बोट काढलंय बाहेर!"

दुपारपर्यंत पुरी मूठ उघडली. गिऱ्हाईक येत होतं, कोट मागत होतं, आणि कोटाआधी त्याला प्रवाळ दाखवलं जात होतं.

संध्याकाळी दादल्याचा फोन. "भाऊजी, अजून एक तुकडा..."

काकूंनी फोन काढून घेतला. "तुकडा? अरे, तुझा कान कापून दुसऱ्याला दिला तर चालेल का तुला?"

मग त्यांनी कात्री काउंटरच्या खणात टाकून कुलूप लावलं. महागड्या साड्यांना लावायची पुठ्ठ्याची चिठ्ठी टाकीच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधली: 'नाजूक. फक्त कोळसा, दोन चमचे.' आणि स्टूल पुढे ओढून, नवऱ्याला बसायला अर्धी जागा ठेवून बसल्या.